वेळापूरच्या चिबडातला भात

वेळापूर,
९ जून २०२४

राजे,

फोन केला तर तुला ऐकू येत न्हाय आन मला वरडावं लागतंय, म्हंजी आपलं बोलनं आदी सगळ्या वस्तीला कळतंय. म्हणून लिवायला बसले. चौथीपत्तूर तुज्याच शेजारी बसून शिकले, तवा अक्षर वाकडं आलं तर निम्मा दोष तुजा.

दोन वर्सं झाली एकमेकीचं काय कळलं न्हाय. हिकडचं सांगते. मेंढरं इकली. सिद्धराम चाकणला कंपनीत लागला, सून आन नातू बी तिकडंच. रान सगळं उसाखाली गेलं, चारायची कुटं? आमी दोगं म्हातारी कुनाकुनाच्या मागं पळनार? निम्मी बाजारात गेली, निम्मी ह्येंच्या पुतन्यानं, बिरदेवानं घेतली. त्येचा मेंढरांचा वाडा माळावर हाय, लांब न्हाय.

तवापासनं ह्ये बोलत न्हाईत. दारात बसत्यात. जितं मेंढरांभवती जाळी लावायचो तिकडं तोंड करून. खुट्ट्या अजून तशाच रोवलेल्या. म्या म्हणलं काडू का, तर नुसतं बगितलं माज्याकडं. भाकरी अर्दी खात्यात, अर्दी कुत्र्याला. डागदर म्हणला, दुखनं काय न्हाय. मला बी म्हाईत हाय दुखनं काय हाय ते.

परवा मातुर एक शब्द बोललं. म्या पानी द्यायला गेले तर म्हणलं, "गोजे, ती तांबड्या भाताची पेज खावी वाटती." बास. पुन्ना गप.

राजे, लगीन झाल्यावर धा-बारा वर्सं आमी घाट उतरून खोपोलीच्या म्होरं जायाचो. भाताची रानं मोकळी झाली की तितं मेंढरं बसवायची. रानाला खत, आमाला भात. तांबडा, जाड दान्याचा. कळप निगायच्या आदी मी मोठं पातेलं चुलीवर ठेवायची आन आमी पेज पिऊन चालायला लागायचो. त्येची याद काडली त्येंनी.

तू तर जलमभर भाताच्याच हापिसात हुतीस. त्या भाताचं बियानं मिळंल का? कॅनॉलच्या खालची आमची पट्टी चिबडली हाय. पानी हलत न्हाय, ऊस लावला तर पिवळा पडून बसला, जवारीचं तर नाव नको. शेजारचा बिभीषण म्हणतो, "वैनी, हितं आता बेडकं पाळा." मी म्हणते बेडकापरीस भात काय वाईट?

दाजी कसं हायेत? त्येंची शुगर? कळीव.

तुजी
गोजा

*

कर्जत,
१८ जून २०२४

गोजा,

तुझं पत्र हातात पडलं आणि पाकीट फोडायच्या आधी मी ते नाकाशी नेलं. हसू नकोस. मंगळवेढ्याच्या आमच्या रानात तुझ्या आबांची मेंढरं बसायची तो वास येतो का बघत होते. नाही आला. पोस्टाचाच आला.

आठवतं तुला? आमचे अण्णा, सिद्धलिंगप्पा म्हणजे गावात नावाचा कडक माणूस, पण तुझ्या आबांचा कळप यायचा त्या दिवशी स्वतः बांधावर गूळ-शेंगा घेऊन उभे राहायचे. आई घरात कानडीत कुरकुरायची की पोरगी मेंढरांत लोळून येते, हिच्या केसांत लोकर सापडते. आणि पुढच्या हंगामात जिथं मेंढरं बसली तिथली ज्वारी डोक्याच्या वर जायची. आपण दोघी तिच्यात शिरलो की बाहेरून कोणाला दिसायचो नाही. मला वाटतं, पुढं मी भाताच्या संशोधन केंद्रात प्रयोगशाळेत चिकटले ती त्या ज्वारीमुळंच. एवढं काय असतं त्या लेंड्यांत, हे मला तेव्हापासून जाणून घ्यायचं होतं.

असतं ते नत्र. त्याबद्दल तुला सांगितलंच पाहिजे, नाहीतर बी पाठवून उपयोग नाही.

आम्ही एकच भात शेजारी शेजारी वाफ्यांत लावायचो. एका वाफ्याला नत्र मुळीच नाही, एकाला बेताचं, एकाला भरपूर. नोकरीतला बराचसा जन्म मी त्या वाफ्यांच्या लोंब्या सोलण्यात घालवला. भरलेला दाणा इकडे, पोचा तिकडे. ज्याला काही दिलेलं नसायचं त्याला फुटवे कमी, लोंबी आखूड, पण जे दाणे असायचे ते बहुतेक भरलेले. गरिबाघरच्या पोरांसारखे, थोडे पण टणक. बेताचं दिलेल्या वाफ्यात लोंबी लांब आणि भरलेली. आणि भरपूर दिलेल्याचं काय सांगू! बघायला येणारे पाहुणे त्याच वाफ्यापाशी फोटो काढायचे. काळाभोर हिरवा, पात रुंद, कमरेच्या वर. कापणीला मात्र तो निम्मा लोळलेला असायचा. लोंबीच्या वरच्या टोकाचे दाणे भरलेले, आणि खाली देठाकडचे दाबले की फुस्स. झाड पानं काढण्यातच गुंग राहतं. एकमेकांची सावली पडते, दाणा भरायची वेळ येते तेव्हा त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही.

म्हणून सांगते, हात आवरून घाल. लावणीनंतर रोप मुळं धरेपर्यंत पिवळंच दिसेल, घाबरू नकोस. तीन आठवड्यांनी थोडा युरिया, मग पोटरीच्या आधी, म्हणजे झाडाच्या पोटात लोंबी धरायच्या आधी, आणखी थोडा. बास. हे बी जुनं गावठी आहे, शेजारच्या भोईरांकडून आणलंय. तांबडा दाणा, उंच वाढणारा, उशिरा येणारा. हा भात तर लाडानं लवकर लोळतो.

एसटीच्या पार्सलनं पाठवते आहे, अकलूज स्टँडवर उतरवून घे.

इकडं सगळं ठीक. सिदूदाजींना म्हणावं, पेज मिळेल, पण कार्तिकापर्यंत दम धरा.

तुझी
राजेश्वरी

*

वेळापूर,
२२ ऑगस्ट २०२४

राजे,

आदी बातमी आयक. ह्ये उठलं.

तुज्या बियाचं रोप झालं, आखाडात आमी दोगी-तिगी बायांनी मिळून लावनी केली. ह्येंनी दारातनंच बगितलं. मग रोप पिवळं पडलं. तू लिवलं हुतंस म्हणून म्या गप ऱ्हायले, पर सकाळी बगते तर ह्ये पट्टीच्या बांदावर हुबं! काठी टेकून. म्हणलं, "गोजे, हिला लेंडी पायजे." एवडं बोललं आन पाटी डोक्यावर घिऊन चालायला लागलं, तडक बिरदेवाच्या वाड्यावर.

दुपारी आलं पाटी भरून. घामानं भिजलेलं. आल्या आल्या म्हणलं, "काळतोंडी गाभन हाय. बिरदेवाला सांगितलं म्या, तिला लांब चारायला नेऊ नगंस." काळतोंडी म्हंजी आमची म्हातारी मेंडी. राजे, किती म्हयन्यांनी त्येंच्या तोंडातनं मेंढराचं नाव आयकलं म्हणून सांगू!

तवापासनं रोज जात्यात. सकाळी रिकामी पाटी, दुपारी भरल्याली. पाटी टाकत्यात, चिखलात पायानं कालवत्यात, मग बांदावर बसून मला वाड्यावरचं सगळं सांगत्यात. कोन लंगडतंय, कुनाला पिल्लू झालं, बिरदेवाच्या बायकूला ताक करायला कसं येत न्हाय. भाकरी आता सगळी खात्यात. कुत्रं माज्यावर रुसलंय.

भात बी उठला. त्येचा पिवळा रंग कुटं गेला कळलं न्हाय. आता असा काळा हिरवा हाय की बिभीषण बी येऊन बगून गेला. म्हणला, "सिदूआन्ना, ही तर कोकनच आनली की तुमी!" ह्ये लाजलं. खरंच लाजलं.

मला मातुर तुजं पत्र रोज आटवतंय. तू लिवलंस त्योच ह्यो रंग हाय. लई झालं की दाना पोचा. मी एकदा म्हणलं, "आता ऱ्हाऊ दे की, बास झालं." तर म्हणलं, "मेंढराची लेंडी हाय, इख न्हाय." राजे, काय करू? युरिया तर म्या चिमूटबर बी घातला न्हाय. पर ह्येंची पाटी कशी थांबवू?

दाजींचं तू काय लिवलं न्हाईस.

तुजी
गोजा

*

कर्जत,
३० ऑगस्ट २०२४

गोजा,

ताबडतोब थांबव.

लेंडी विष नाही हे खरं, पण नत्र ते नत्रच. उलट युरिया येतो आणि जातो, लेंडी मुरत मुरत महिने देत राहते. म्हणजे दाणा भरायच्या वेळी झाडानं पिवळं पडायला हवं, तेव्हाही ते हिरवंच राहील आणि पानंच काढत बसेल. तुझ्या पत्रावरून मला वाफा डोळ्यासमोर दिसतोय. अजून एक पाटीही नको. पट्टीच्या खालच्या अंगाला चर काढून पाणी सोडून दे, आठ दिवस जमिनीला भेगा जाऊ देत, म्हणजे वाढ जरा आटोक्यात येईल. करपा दिसतो का पानांवर ते बघ, डोळ्याच्या आकाराचे डाग असतात.

सिदूदाजींना स्पष्ट सांग. आता ती माया राहिली नाही, नुकसान आहे. त्यांना वाईट वाटेल, पण पीक गेल्यावर जास्त वाटेल. पेज त्यांनाच खायचीय ना?

मी हे कडक लिहितेय असं वाटलं तर वाटू दे. भात मला चांगला कळतो.

राजेश्वरी

*

वेळापूर,
७ सप्टेंबर २०२४

राजेश्वरीबाई,

तुजं पत्र म्या त्येंना वाचून दावलं. सगळं. नुकसान हाय, ह्ये बी.

त्येंनी आयकून घेतलं. पाटी गोठ्याच्या भितीला उपडी ठिवली. चर बी काडला, पानी सोडलं, तू सांगितलंस तसं. आन मग दारात येऊन बसलं. खुट्ट्यांकडं तोंड करून.

तीन-चार दीस झालं. बिरदेव इचारत आला, "काका का येत न्हाई?" काल भाकरी पुन्ना कुत्र्याला घातली.

मला कळतंय तुजं खरं हाय. तू शिकल्याली, भात तुला कळतो. पर भाताचंच कळतंय तुला. तुज्या घरी दाजी खुर्चीत बसून पेपर वाचत असतील, च्या मागत असतील. तुला काय कळनार, उठून चालनारा मानूस बसला की कसं वाटतंय ते? भात पोचा निगाला तर निगू दे की. पोचा तर पोचा. मी उद्या ती पाटी सरळ करून त्येंच्या म्होरं ठेवनार हाय.

तुला राग आला तर येऊ दे.

गोजाबाई सिदू

*

कर्जत,
१२ सप्टेंबर २०२४

गोजा,

दाजी खुर्चीत बसत होते, हे तू बरोबर लिहिलंस.

गेल्या मार्गशीर्षात गेले. तुला कळवायचं राहिलं असं म्हणणार नाही, कळवलं नाही. कोणाला लिहायला बसलं की पहिल्या ओळीतच ते लिहावं लागायचं आणि माझ्याच्यानं ते होत नव्हतं. मग तुझं पत्र आलं आणि त्यात सिदूदाजी बोलत नाहीत असं होतं. त्याच्यावर माझं कुठं ठेवू? आणि खरं सांगू, तू दर पत्रात 'दाजी कसं हायेत' विचारत होतीस ना, ते वाचायला बरं वाटायचं. तुझ्या पत्रात ते अजून होते.

निवृत्त झाल्यावर ते असेच बसले. खिडकीशी. त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात, सगळा जन्म कालव्यांवर फिरलेला माणूस. त्यांना उठवायला माझ्याकडे काही नव्हतं गं. मेंढरं नव्हती, चिबडी पट्टी नव्हती. मी पुस्तकं आणली, ती त्यांनी वाचली. चष्मा काढून ठेवायचे आणि विचारायचे, "आता?"

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मी तुला केंद्रातल्या वाफ्यासारखं उत्तर दिलं होतं. आमच्या वाफ्यांच्या बांधावर कोणाचा नवरा बसलेला नसायचा.

तेव्हा नीट ऐक. पाटी सरळ केली असलीस तर पुन्हा उपडी ठेव. पण सिदूदाजींच्या हातात विळा दे.

भोईरांच्या म्हातारीला मी कालच जाऊन विचारून आले. तुझी पट्टी जशी झालीय म्हणतेस, तसा भात माजला की इकडचे जुने लोक त्याची पात वरून छाटायचे. शेंडे कापून गुरांना घालायचे. वजन कमी होतं, उजेड खालपर्यंत जातो, झाड पडत नाही. आमच्या केंद्रात हा प्रयोग मी पाहिलेला नाही, पण ऐकून मला ते पटलं. फक्त पोटरीच्या आधी करायला हवं. एक फुटवा बुडातून काप आणि ब्लेडनं उभा चिर. आत बारीक कापसासारखी लोंबी दिसली तर वरच्या पातीला बोटही लावू नका, वेळ गेली. नसेल तर निम्मी पात छाटा, शेंड्याचा कोंब सांभाळून.

आणि ती पात सिदूदाजींनी बिरदेवच्या वाड्यावर न्यावी. त्यांची मेंढरं आहेत ना तिथं? मेंढरांनी दिलेलं मेंढरांनाच परत जाईल. रोज थोडी थोडी कापा, एका दिवसात संपवू नका.

पीक हाती येईल की नाही, सांगता येत नाही. खरंच येत नाही.

तुझी
राजी

*

वेळापूर,
२६ नोव्हेंबर २०२४

राजे,

दोन म्हयने लिवलं न्हाय. काय लिवू? दाजी गेलं आन म्या तुला खुर्चीचं लिवलं. तुजं पत्र आलं तवा चुलीम्होरं बसून रडले, मग तुला शिव्या दिल्या, मग पुन्ना रडले. ह्येंनी इचारलं काय झालं. सांगितलं. ह्ये उठून बांदावर जाऊन हुबं ऱ्हायलं. मग म्हणलं, "त्या मानसानं मला कॅनॉलच्या पुलावरनं मेंढरं न्यायला परवानगी दिली हुती एकदा. साहेब हुता, पर हात जोडून बाजूला झाला." तुला म्हाईत हुतं का ह्ये? मला न्हवतं.

आता भाताचं आयक.

फुटवा चिरला. म्या न्हाय, त्येंनीच. चष्मा लावून, उन्हात धरून बगितलं. म्हणलं, "आत काय न्हाय. मोकळी हाय." आन विळा मागितला.

म्होरचं काय सांगू! रोज सकाळी वाकून पात कापायची, भारा बांदायचा, डोक्यावर घिऊन वाड्यावर. मेंढरं आता त्येंच्या भाऱ्याची वाट बगत्यात म्हणून बिरदेव हासतोय. काळतोंडीला दोन पिल्लं झाली. ह्येंनी तितंच राहून तिची सुटका केली, दोन दीस घरी आलं न्हाईत. परत आलं ती शर्टाला लोकर चिकटल्याली, बिडी वडत, गानं म्हणत.

बिभीषण बोंबलला. "आन्ना, याड लागलं का? एवडा झ्याक भात आन मुंडी मारताय!" ह्ये म्हणलं, "तुला काय कळतंय? ह्येला उजेड पायजे." तुजा शब्द, राजे. पर असा म्हणलं की जनू बिरोबानं सपनात येऊन सांगितलाय.

लोंबी चांगली निसवली. मग परतीचा पाऊस आला. तीन दीस नुसता धो धो. आमी दोगं दारात बसून बगत ऱ्हायलो. पट्टीच्या वरल्या अंगाला जितं त्येंनी सुरवातीला पाट्यांवर पाट्या वतल्या हुत्या, तितला सगळा झोपला. चटई हातरावी तसा. छाटूनबी झोपला. खालच्या अंगाला, जितवर पाटी पोचलीच न्हवती, तितला हुबा ऱ्हायला.

दिवाळी झाल्यावर कापनी केली. हुब्याचा दाना असा भरल्याला की मुटीत धरला तर टोचतोय. झोपल्याल्याचा तू लिवलंस तसाच. टोकाला दाना, खाली फुस्स. ह्येंनी दोन्ही लोंब्या तळहातावर घिऊन लई येळ बगितल्या. मला वाटलं आता पुन्ना गप बसत्यात. तर म्हणलं, "गोजे, ही माजी आन ही देवाची." आन हासलं.

मग पेज. म्या पातेलं चडवलं. उखळात कांडल्याला तांदूळ, तांबडा. सगळ्या घरात वास सुटला, तुला काय सांगू, माजं पंचवीस वय झालं चुलीम्होरं. वाटी दिली. मीठ घालून. त्येंनी एक घोट घेतला, डोळं मिटलं. मी हुबी.

म्हणलं, "ती न्हवं ही."

म्या पळी पातेल्यात ठिवली. म्हणलं, "मंग कसली हाय?"

"चांगली हाय. पर ती न्हवं. तवा आपन चालून आल्यालं असायचो."

दुसरी वाटी मागितली, तिसरी बी मागितली. आन वाटी खाली ठिवून म्हणलं, "बिरदेव म्होरल्या आठवड्यात घाट उतरनार हाय. आपन बी जायाचं का?"

राजे, आमी निगालो हाय. सिद्धराम फोनवर वरडला, ह्या वयात कुटं म्हणून. पर आता समदं पैलंसारखं न्हाय. घाटापत्तूर मेंढरं टेम्पोत, आमी बी टेम्पोत, म्होरं थोडं थोडं चालायचं. एक म्हयना फिरून माघारी. वाटंत कर्जत लागतंय. तुज्या दाराला येतो. चांगला घरचा तांदूळ आनते, हुब्या भाताचा.

दाजींच्या फोटूला हार घालायचाय मला.

तुजी
गोजा

*

कर्जत,
२७ डिसेंबर २०२४

गोजा,

हे पत्र मी वेळापूरच्या पत्त्यावर टाकते आहे. घराला कुलूप आहे, पोस्टमन बिभीषणकडे देईल. तू परत येशील तेव्हा वाचशील. आत्ता तुम्ही कुठं असाल, पेणच्या खाली की अजून अलीकडे, मला माहीत नाही. आणि तू गेल्यावर तुझ्याशी बोलायची सवय लगेच सुटत नाही.

तू इथं होतीस तेव्हा काय काय झालं ते तुला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण तू तेव्हा चुलीशी होतीस आणि मागच्या अंगणातलं तुला दिसलं नाही.

भोईरांचं शेत मी आधीच सांगून ठेवलं होतं, भात कापून मोकळं पडलेलं. मेंढरं आली तेव्हा वाडीतली सगळी पोरं-बाया बघायला जमली. इकडं आता कळप फारसा येत नाही. बिरदेव आणि सिदूदाजींनी जाळी लावली. दाजी खुट्टी ठोकताना मी बघत होते. हात असा चालत होता की जणू मधली वर्षं कोणी काढूनच टाकलीत. काळतोंडी आणि तिची दोन पोरं त्यांनी मुद्दाम आणून मला दाखवली. एक पिल्लू माझ्या ओंजळीत दिलं. ऊबदार होतं, काळीज धडधडत होतं त्याचं.

सकाळी भोईर आला. खूश होता. म्हणाला, "आजोबा, अजून दोन रात्री ठेवा की. भात वाढवून देतो. आमचं रान लई भुकेलंय."

सिदूदाजी म्हणाले, "न्हाय. एक रात बास."

"अहो, खत जास्त झालं तर काय बिघडलं?"

तेव्हा दाजी खाली बसले. मातीत बोटानं एक लोंबी काढली. भोईरला म्हणाले, "हितनं वरलं भरतंय. हितनं खाली फुस्स. लई लाड केला की भात झोपतोय. म्या करून बगितलंय." भोईर ऐकत राहिला. मी शेजारीच उभी होते. मी पदराचं टोक तोंडात धरलं होतं, गोजा. त्या वेळी दाजींनी माझ्याकडे बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं. पण त्यांनी बघितलं नाही. ते पूर्ण गंभीर होते. आणि त्यांनी काढलेली लोंबी माझ्यापेक्षा चांगली होती.

मग तू हाक मारलीस आणि आपण तिघं जेवायला बसलो. तुझ्या तांदळाची पेज. सिदूदाजी आधी खिडकीपाशी गेले होते, आठवतं? ह्यांची खुर्ची अजून तिथंच आहे. मी म्हटलं, "बसा ना दाजी." तर म्हणाले, "साहेबांची हाय. मी खालीच बरा." आणि भिंतीला टेकून बसले. वर्षभरात त्या खुर्चीबद्दल घरात कोणी बोललं नव्हतं. येणारे लोक एकतर तिच्यावर बसायचे, नाहीतर तिच्याकडे बघायचं टाळायचे.

पेज खाताना मी त्यांना विचारलं, "चालून आलात, आता तरी ती आहे का?" त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू मान खाली घालून पेजेत मीठ कालवत होतीस. ते म्हणाले, "हितं जवळपासच कुटंतरी हाय ती. म्होरल्या मुक्कामाला सापडंल." तू म्हणालीस, "जलमभर असंच चालवलंय ह्या मानसानं मला." आणि तुम्ही दोघं हसलात. मला ऐकू कमी येतं, पण ते कळलं.

मंगळवेढ्याचं बोलायचं आपण किती ठरवलं होतं! अण्णांचं, आबांचं, त्या ज्वारीचं. आणि प्रत्यक्षात आपण काय केलं, तर तू माझ्या केसांना तेल लावलंस आणि दोघी गप्प बसलो.

कळप निघाला तेव्हा मी रस्त्याच्या वळणापर्यंत आले. मेंढरं थांबत नाहीत, त्यामुळं तुलाही थांबता आलं नाही. तू एकदा हात वर केलास आणि पुढं गेलीस. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच होते. भोईरची सून म्हणाली, चला काकू, ऊन झालं.

घरी आले. रात्री भात लावला. हात सैल पडला, तीन माणसांचा झाला. उरला तो सकाळी फोडणी देऊन खाल्ला. चांगला लागला.

तुझी
राजी